चार वर्षं एकत्र गाणी केली, आणि तो नाशिकला येऊन न भेटताच गेला

या वेळचं पत्र नाशिकच्या सिडकोमधल्या एका वाचकाचं आहे. वय ३८, सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. रात्री जेवणं उरकली की मागच्या खोलीत बसून गिटार रेकॉर्ड करतात आणि मिक्सिंग करतात, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून त्यांचं एक गाणं करतात. चार वर्षांपूर्वी घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या हौशी लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आले आणि तिथे खानदेशातल्या एका गायकाशी त्यांचं चांगलं जमलं. तो लिहितो, चाल लावतो, गातो, हे गिटार वाजवतात आणि मिक्स करतात. अशी नऊ गाणी झाली. जवळजवळ रोज बोलणं, पण भेट एकदाही नाही. मागच्या महिन्यात तो गायक नातेवाइकांच्या लग्नाला दोन दिवस नाशिकला येऊन गेला. यांना कळलं ते त्याच्या स्टेटसवरून, सोमेश्वरच्या धबधब्यापाशी काढलेला ग्रुप फोटो बघून. तेव्हापासून दहाव्या गाण्याचा मिक्स तयार असूनही यांनी पाठवलेला नाही, ‘ऑफिसात लोड आहे’ असं सांगतात. ग्रुपमधल्या दोघांना हे बोलून दाखवलं तर एक म्हणाला, ‘तो फक्त काम करून घेतो रे.’ बायको म्हणते, ज्याला कधी बघितलंच नाही तो मित्र कसला. यांचा प्रश्न: ही मैत्री होती का, की मी फुकटचा मिक्सिंगवाला होतो? आणि आता ग्रुप सोडावा का?

दादा,

सोमेश्वर ते सिडको बाइकवर अर्ध्या तासाच्या आतलं अंतर, आणि तेवढ्यावर येऊन तो गेला. एक फोन जरी केला असता तरी तुम्ही सुट्टी टाकून गेला असतात हे पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतंय. त्यामुळे तुम्हाला लागलं ते मला पूर्ण समजतंय आणि ‘एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घ्यायचं’ असं मी अजिबात म्हणणार नाही. एवढीशी नाहीच आहे ती.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात दोन वाक्यं सापडली जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. पहिलं, वडील सिव्हिलला ॲडमिट होते त्या आठवड्यात हा माणूस रोज सकाळी एक अभंग मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचा आणि तुम्ही तो वडिलांच्या उशाशी लावायचात. दुसरं, ‘मी त्याला कधी स्पष्ट ये म्हटलं नव्हतं, पण ते काय सांगायला लागतं का?’ तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन वाक्यांत आहे असं मला वाटतं.

पहिलं वाक्य घेऊ. फुकटात मिक्स करून घेणारा माणूस रोज पहाटे उठून दुसऱ्याच्या वडिलांसाठी अभंग गात नाही. त्यात त्याचं कुठलं गाणं पुढे सरकत होतं? तुम्ही रागाच्या भरात नऊ गाण्यांचे तास मोजलेत, व्होकल एडिट किती वेळ, मिक्स किती वेळ, रिव्हिजन किती, आणि ते सगळे तास खरे आहेत, पण त्या हिशोबात हा आठवडा कुठेच धरला नाहीत. त्याने नऊ गाण्यांसाठी जे लिहिलं, चाली लावल्या, तुमच्या गिटारचा एक पीस तुमच्याकडून तीन वेळा परत वाजवून घेतला आणि तिसरा खरंच चांगला झाला असं तुम्हीच म्हणता, तेही धरलेलं नाही. राग आला की आपण आपल्याच बाजूच्या रकमा लिहीत बसतो, सगळ्यांचंच असं होतं.

आता दुसरं वाक्य. नाही हो, सांगायला लागतं. अगदी स्पष्ट सांगायला लागतं. चार वर्षांत तुमच्यापैकी एकानेही ‘नाशिकला ये’ किंवा ‘मी तिकडे येतो’ असं म्हटलेलं नाही, आणि मला वाटतं हे विसरून गेलेलं नसावं, या मैत्रीची घडणच तशी आहे. तुम्ही दोघं एकत्र काम करता पण एका वेळी कधीच करत नाही. तुम्हीच लिहिलंय, तो पहाटे पाचला गातो कारण नंतर घरात सगळे उठतात, आणि तुम्ही रात्री अकरानंतर वाजवता. इंटरनेटवर लाइव्ह वाजवायचा प्रयत्न तुम्ही एकदा केला होता, जमला नाही, आणि त्यात तुमचा दोष नव्हता. आवाज पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या वर उशीर व्हायला लागला की वाजवणारे एकमेकांची वाट बघत बघत हळू होत जातात, लय धरवत नाही. म्हणून घरी रेकॉर्ड करणारे सगळे शेवटी फाइलींवर येतात. त्याने क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर गायचं, फाइल पाठवायची, तुम्ही त्यावर गिटार वाजवायची. ऐकणाऱ्याला वाटतं दोघं समोरासमोर बसलेत.

यात एक सोय असते, तिची इतकी सवय होते की ती आहे हेच लक्षात राहत नाही. प्रत्येकाला रीटेक मिळतो. तो १५ टेक घेत असेल, त्यातले चार पाठवतो, त्यातून तुम्ही ओळ-ओळ निवडून एक व्होकल बनवता, जिथे सूर जरा खाली आहे तिथे ट्यून करता. मेसेजचंही तसंच, लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, मग पाठवलं. चार वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांना निवडलेले टेक दाखवलेत. आणि मग अचानक समोरासमोर बसायचं, चहा मागवायचा, आणि जे तोंडातून जाईल ते गेलं. कित्येक चांगल्या माणसांची यात गाळण उडते. विशेषतः ज्याला माहितीये की समोरच्याने आपला कच्चा आवाज, ट्यून करायच्या आधीचा, हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकलाय. तो तुम्हाला टाळत होता असं धरलं तरी त्याचं कारण तुमची किंमत नसणं हेच असेल असं कशावरून? उलटही असू शकतं, तुमच्या नजरेत आपण कमी पडू ही धास्ती. मी खात्रीने सांगत नाहीये, त्याला मी ओळखत नाही. पण तुम्हीही एकाच शक्यतेवर खात्रीने बसलायत म्हणून ही दुसरी सांगते.

तिसरी शक्यता तर अगदीच साधी आहे. लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीतून आलेला माणूस स्वतःचा नसतो. हळद, मानपान, कुणाला स्टेशनवरून आणायचं, कुणाच्या औषधाची वेळ, आणि मध्येच काका म्हणणार चला सोमेश्वर बघून येऊ, की चालले सगळे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाच्या सीझनला गाड्या लावायला जागा नसते, त्यातून ‘माझा एक मित्र आहे सिडकोत, त्याला भेटून येतो’ असं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, कोण मित्र, कुठला, कसा ओळखतो? तुमच्या घरी वहिनी जे म्हणतात तेच त्याच्याही घरी कुणीतरी म्हणत असणार की.

चौथी शक्यताही मी लपवणार नाही. त्याच्यासाठी हे नातं गाण्यापुरतं असेल आणि तेवढंच त्याला पुरेसं असेल. तसं निघालं तर तुम्हाला दुःख होईल, पण तेही फसवणं नाही. भजनी मंडळात २० वर्षं शेजारी बसून टाळ वाजवणारी माणसं असतात, एकमेकांच्या घरात कधी गेलेली नसतात, आणि एक जण गेला की दुसऱ्याला महिनाभर भजनाला बसवत नाही. त्यांची मैत्री खोटी म्हणायची का? तसं असलं तर तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचंय की गाण्यापुरत्या मैत्रीत आपण आपल्या झोपेचे किती तास घालायचे.

यातली कुठली शक्यता खरी हे विचारल्याशिवाय कळणार नाही, विचारायचं कसं ते सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही मला स्पष्ट बोलावी लागेल. तुम्ही मिक्स रोखून धरलाय ते मला पटलेलं नाही. महिनाभर तो माणूस दोन-तीन दिवसांनी विचारतोय आणि तुम्ही लोड आहे म्हणून सांगताय. त्याला शिक्षा चाललीये पण कशाची ते त्याला माहीत नाही. ते गाणं तुमच्या हार्ड डिस्कमध्ये असलं तरी शब्द त्याचे आहेत, चाल त्याची आहे, आणि राग आला म्हणून दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवायची हे तुमच्या स्वभावातलं वाटत नाही, तसं असतं तर तुम्ही पत्रात इतक्या अवघडून ते लिहिलंच नसतंत. शिवाय जितके दिवस जातील तितकं तुमचं बोलणं अवघड होत जाईल, कारण आता त्याच्याकडेही तुमच्याविरुद्ध एक खरी तक्रार तयार होतेय.

तेव्हा आजच मिक्स पाठवा. सोबत स्टेम्स पण, म्हणजे व्होकल वेगळा, गिटार वेगळी, बाकीचं वेगळं, सगळ्या फाइली गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्सपोर्ट केलेल्या, म्हणजे त्याला दुसरीकडे उघडायच्या झाल्या तर जागेवर बसतील. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची मोनो फाइल मिनिटाला साधारण साडेआठ-नऊ एमबी होते, व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून टाका, ऑडिओ म्हणून टाकली की क्वालिटी मार खाते, पण हे तुम्हाला मी काय सांगणार. ‘उशीर झाला, सॉरी, ऐकून सांग’ एवढंच लिहा. त्या दिवशी दुसरं काही बोलू नका. सोमेश्वर नाही, लग्न नाही, टोमणा तर अजिबात नाही.

एक-दोन दिवस जाऊ द्या, गाण्याबद्दल जे काय बोलायचं ते होऊ द्या, आणि मग वेगळा मेसेज. शक्यतो व्हॉइस नोट करा, लिहिलेलं कोरडं वाटतं आणि तुम्हाला दोघांना आवाज ऐकायची सवय आहे. एडिट करू नका, एका टेकमध्ये जे होईल ते जाऊ दे. काय म्हणायचं? साधारण असं: ‘तू नाशिकला येऊन गेलास ते स्टेटसवर बघितलं. कळवलं असतंस तर भेटायला आलो असतो, न भेटता गेलास याचं मला वाईट वाटलं. लग्नाची गडबड असेल समजू शकतो. पण मला तुला भेटायचंय, तुला चालेल का?’ यात आरोप नाही, पण लागलं तेही लपवलेलं नाही आणि शेवटी एक प्रश्न आहे ज्याचं उत्तर त्याला द्यावं लागेल. ‘तू मला मित्र मानतोस का’ असं मात्र विचारू नका, त्याला कुणीही हो म्हणतं आणि आपलं समाधान होत नाही.

त्याने भेटू म्हटलं तर पहिली भेट घरी जेवायला वगैरे ठेवू नका, दोघांवर दडपण येतं, वहिनींवर तर जास्तच. मध्ये कुठेतरी भेटा, मनमाड किंवा चाळीसगावला, ट्रेनने दोघांना सोपं पडतं. हातात काहीतरी काम असू द्या. तुम्ही गिटार न्या, त्याला म्हणा पुढच्या गाण्याची चाल गुणगुणत ये. नुसतं समोर बसून बोलायचं म्हटलं की दोन पुरुष माणसं क्रिकेट आणि पेट्रोलच्या भावावर येतात, वाजवायला बसलात की बाकीचं बोलणं आपोआप निघेल. आणि पहिल्या भेटीत जरा फुसकं वाटलं, चॅटवर जितकं रंगतं तितकं रंगलं नाही, तर लगेच निकाल लावू नका.

त्याने टाळलं, ‘बघू रे कधीतरी’ म्हणाला, तर एकदा सोडून द्या आणि दोन-तीन महिन्यांनी परत एकदा म्हणा. तेव्हाही तसंच झालं तर त्याला या नात्याची हद्द कुठे हवीये ते कळलं असं समजा. मग गाणी करा वाटलं तर, पण तुमच्या अटीवर. महिन्याला एक मिक्स, दोन रिव्हिजन, रात्री साडेबारानंतर लॅपटॉप बंद. ते त्याला आधीच सांगा. गुपचूप कमी करत जाऊ नका.

अजून एक विचारते, रागावू नका. त्याच्याबद्दल तुम्हाला काय माहितीये? वरच्या सुराआधी तो श्वास कसा घेतो ते माहितीये, ‘स’ जरा टोचतो म्हणून तो मऊ करणारा डीएस्सर कुठे लावायचा ते माहितीये, त्याच्या टेकमध्ये मागे कुकरची शिट्टी येते आणि एक लहान मूल हाक मारतं हेसुद्धा तुम्ही लिहिलंय. ते मूल त्याचं आहे का? तुम्ही विचारलंय कधी? त्याला नोकरी आहे का दुकान आहे, घरी कोण असतं, यातलं पत्रात काहीच नाही. आवाजाइतकं जवळचं फार कमी असतं, आणि त्या आवाजावर तुम्ही किती प्रेमाने काम करता ते दिसतंय, पण त्या आवाजामागच्या घरात तुम्ही अजून डोकावलेलं नाही. तुमच्या वडिलांचं आजारपण त्याला माहीत होतं कारण तुम्ही सांगितलंत. त्याच्या घरचं काही तुम्हाला माहीत नाही, कदाचित कारण विचारलं नाहीत. भेटीची वाट बघायची गरज नाही, पुढच्या फाइलसोबत विचारा, ते बाळ कोण रे मागे ओरडतंय?

आता ग्रुप. अजिबात सोडू नका. तुमच्या इंटरफेसमधून, म्हणजे माइक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यातून, हम म्हणजे घूं असा आवाज यायचा तेव्हा रात्री साडेअकराला तिथल्याच कुणीतरी सांगितलं ना की लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघ, ग्राउंडचा प्रॉब्लेम असेल, आणि हम गेला. असं रात्री-अपरात्री उत्तर देणारी माणसं एका माणसाच्या रागापायी सोडायची नसतात. फक्त ‘तो काम करून घेतो’ म्हणणाऱ्याशी हा विषय बंद करा. त्याचा स्वतःचा काही अनुभव असेल तर तो त्याने त्या गायकाशी बोलावा. तुम्ही ज्या दोघांना सांगितलंत त्यांना एवढंच कळवा की मी त्याच्याशी सरळ बोलणार आहे, तोवर पुढे कुठे बोलू नका. अशा छोट्या ग्रुपमध्ये गोष्ट फिरत फिरत मूळ माणसाकडे जाते आणि पोचते तेव्हा तिला शेपूट फुटलेलं असतं.

मात्र सगळी मैत्री एकाच ग्रुपवर आणि त्यातल्या एकाच माणसावर ठेवलीत म्हणून हा धक्का एवढा मोठा बसला असंही मला वाटतं. नाशिकमध्ये घरी रेकॉर्ड करणारी माणसं कमी नाहीत हो, इंदिरानगरला आहेत, नाशिकरोडला आहेत, पंचवटीत तर तबला-पेटीवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गावात पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे, कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम होत असतात, तिथे गेलात की कळतं कोण काय करतंय ते. दोन-तीन जण मिळाले तरी पुरे. आता थंडी येतेय, नाशिकची थंडी म्हणजे घरी रेकॉर्डिंगचा खरा सीझन, फॅन बंद, खिडक्या बंद, बाहेर ढोलपथकांची प्रॅक्टिस संपलेली. महिन्यातून एक रविवार एकमेकांकडे जमा, एकाच खोलीत एक माइक मधोमध ठेवून वाजवा, नो एडिटिंग. एका वेळी, एका खोलीत वाजवण्याची जी भूक तुम्हाला लागलीये ती सगळी त्या खानदेशातल्या एका माणसाने भागवावी ही अपेक्षा जरा जास्त होतेय.

वहिनींबद्दल. त्या म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही, पण त्यांना काय दिसतं ते बघा. रोज रात्री दार बंद, कानाला हेडफोन, आणि मध्येच हसणारा नवरा. नऊ गाण्यांतलं एकतरी त्यांना बाहेरच्या खोलीत स्पीकरवर लावून नीट ऐकवलंय का? अभंगवाला तो हाच, हे त्यांना माहितीये का? सांगा त्यांना. आणि आठवड्यातल्या निदान दोन रात्री ते दार उघडं राहू दे.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी आणि बायकांसाठी, एक सांगायलाच हवं. ऑनलाइन ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटताना जागा चारचौघातली ठेवा, दिवसाउजेडी ठेवा, घरी किंवा मैत्रिणीला सांगून जा, आणि ‘माझ्याकडे चांगला सेटअप आहे, घरीच ये रेकॉर्डिंगला’ याला पहिल्या भेटीत नाही म्हणा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

शेवटी तुम्ही तळटीपेत विचारलंत की ही नऊ गाणी कुणाची. बरं केलंत विचारलंत, भांडण नसताना हे ठरवायला हवं होतं, अजूनही वेळ गेलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तिन्हींचे हक्क वेगवेगळे धरलेत. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग निर्मात्याचं, निर्माता म्हणजे ते करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला कलाकार म्हणून हक्क असतात ते अजून वेगळे. म्हणजे शब्द आणि चाल त्याची हे सरळ आहे, पण रेकॉर्डिंग दोन घरांत मिळून झालंय, तिथे निर्माता कोण यावर उद्या दोघं दोन गोष्टी बोलू शकता. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे कोणी काय केलं, नावं कुठल्या क्रमाने येणार, कुठे टाकताना एकमेकांना विचारायचं का, पैसे आलेच तर कसे वाटायचे, एवढं साध्या मराठीत लिहून काढा आणि त्याला ईमेल करा, त्याने ‘मान्य’ असं उत्तर दिलं की दोघांकडे लेखी राहतं. मोठी कंपनी किंवा जाहिरात वगैरे मध्ये आली तर वकिलाला दाखवा. तोवर दहा गाण्यांच्या प्रोजेक्ट फाइली आणि मूळ टेक दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा, एक कॉपी त्याच्याकडे जाऊ द्या.